उजेड मोजणारी तुकुमेक

मे महिन्यात ग्रीनलंडच्या उत्तरेतल्या कानाक गावात सूर्य मावळतच नाही. तुकुमेक रोज कुत्र्यांची गाडी जुंपायची आणि गोठलेल्या समुद्रावर तासभर आत जायची. तिथं डेन्मार्कहून संशोधनासाठी आलेल्या सिदसेलनं खांबावर एक यंत्र बसवलं होतं. त्याला काचेचे दोन घुमट, एक आभाळाकडे बघणारा, दुसरा खाली बर्फाकडे. वरून उजेड किती आला आणि बर्फानं त्यातला किती परत धाडला, एवढंच ते सांगायचं. तुकुमेकनं काचा पुसायच्या, आकडे वहीत उतरवायचे आणि खालचा बर्फ न तुडवता माघारी यायचं.

नवरा वारल्यावर तुकुमेक घरात कातड्याचे हातमोजे शिवत बसली होती. या कामानं तिला पुन्हा बर्फावर आणलं. दीर इतुको चिडवायचा, "काय वहिनी, सूर्यानं किती दिलं, बर्फानं किती परत केलं?"

"तुझ्यापेक्षा बर्फ बरा," ती म्हणायची. "नेलेलं परत तरी करतो."

तिसऱ्या वर्षी वही चाळताना सिदसेलचा हात थांबला. शंभर भाग उजेड आला, तिथं एकशे चार परत गेलेले. बर्फ काही स्वतःचा उजेड पाडत नाही. यंत्र बिघडलं असणार, पण कधीपासून ते कसं कळावं? सगळा हंगामच टाकून द्यावा लागेल, ती म्हणाली, आणि पुढच्या वर्षी यंत्र दुसऱ्या गावी न्यावं लागेल, हेही हळूच बोलली.

तुकुमेक घरी आली. सील या समुद्री प्राण्याची चरबी कापायला बसली. तेलकट हात सवयीनं हातमोज्याला पुसला आणि तशीच थिजली. गप्प राहिली असती तर दोष यंत्रावर गेला असता. थोडा वेळ तिला तेही बरं वाटलं. मग उठून ती सिदसेलकडे गेली.

"पोरी, यंत्राला नावं ठेवू नकोस. तुझं फडकं वाऱ्यानं नेलं, तेव्हापासून वरची काच मी सीलच्या कातड्याच्या हातमोज्यानं पुसत होते. चरबी बसली असेल, तिला धूळ चिकटली असेल. वरचा उजेड काचेला पुरता दिसलाच नाही."

"आधी का नाही सांगितलंत?"

"आधी मला तरी कुठं ठाऊक होतं?"

सिदसेलनं वही पुन्हा उघडली. मग तिनं विचारलं, कुठल्या दिवसापासून.

"इतुकोनं दाढीवाला सील मारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी फडकं गेलं, तेव्हापासून. घरोघर मांसाचे वाटे पोचवले होते. कुणालाही विचार."

सिदसेलनं खरंच विचारलं. आपल्या घरी मांस कुठल्या दिवशी आलं, ते कानाकात कुणी विसरत नाही. चार घरांनी एकच दिवस सांगितला. नऊ दिवस खोडले गेले, बाकीचा हंगाम वाचला.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून गेल्या. सिदसेलनं स्पिरिट लावून काच पुसली. आकडा आला शंभरातले एक्क्याऐंशी. तिनं वही तुकुमेकच्या हातात दिली. परतताना यंत्र हलवायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. पुढच्या वर्षी सामान जास्त आहे, कुत्री किती लागतील, एवढंच विचारलं.