दोन बोटींवरचा शेरा

सोलापूर स्टेशनवर आम्हाला पोचवायला एकट्या शांताक्का आल्या होत्या. शांताक्का म्हणजे माझा मित्र कल्लप्पा याची बायको. त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्याकडे दिलं. आत कडक भाकऱ्या (तीळ लावून तव्यावर कुरकुरीत वाळवलेल्या, महिनाभर टिकणाऱ्या) आणि शेंगाची चटणी. मग नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "भावजी, पायऱ्यांवर हात धरा त्येंचा. सोडू नका."

मी म्हटलं, "वैनी, बोटीवर चाललोय, गड चढायला नाही." तो विनोद आता आठवला की माझी मलाच लाज वाटते.

आधी ओळख करून देतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी तीस वर्षं चेकर होतो. डोक्यावर दिवा, टेबलावर टॉवेल. सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडा काठ दिसला की माल बाजूला. कल्लप्पा तिथेच जॉबर, म्हणजे बिघडलेले माग चालते करणारा कारागीर. त्याच्या मागावरचा माल मी नापास करायचा आणि दुपारी दोघांनी एका डब्यात जेवायचं, असा आमचा संसार. कारखान्याची एक रीत होती. नवा माल काढण्याआधी सँपल. ते धुवायचं, वाळवायचं, पुन्हा धुवायचं. आणि एकावर भागवायचं नाही. दोन सँपलं शेजारी ठेवून मगच कागदावर शेरा मारायचा. या रीतीनं कारखान्याचं कधी नुकसान झालं नाही. घात झाला तो कल्लप्पाचा, आणि तोही माझ्या हातून.

निवृत्तीनंतर आम्ही दहा-बारा जण सकाळी कंबर तलावाच्या कट्ट्यावर जमतो. सगळ्यांनी मिळून मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या प्रवासी बोटीवर तीन दिवस राहून यायचं, ही कल्पना कल्लप्पाची. त्यानं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. साखरेच्या दुखण्यानं त्याचा डावा डोळा गेला होता आणि उजव्याची खात्री डॉक्टर देत नव्हते. "हाय तवर एकदा बगू द्या की," एवढंच त्याचं मागणं. अशा बोटी चालवणाऱ्या दोन कंपन्यांची नावं निघाली. त्यांतली कुठली निवडायची हे ठरवायचं काम मंडळींनी माझ्यावर सोपवलं, कारण मी चेकर. मीही लगेच ताठ झालो. म्हटलं, आधी मी एकटा जातो, सँपल बघून येतो, मग सगळे जाऊ.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी पहिल्या बोटीवर जाऊन आलो. वहीत तीन रकाने आखले होते: जेवण, करमणूक, खोली. जेवणात तिन्ही दिवस पनीर. करमणुकीच्या नावाखाली कानठळ्या बसवणारा नाच. खोली बोटीच्या पोटात, खिडकी नाही, भिंतीला हात लावला तर इंजिनाची थरथर लागायची. कट्ट्यावर मी हे सगळं रकान्यांबरहुकूम वाचून दाखवलं.

कल्लप्पा म्हणाला, "खोलीत कशाला बसायचं? समुद्र हाय का न्हाय तितं?"

"आहे की. पण दुसरं सँपल बघितल्याशिवाय शेरा कसा मारू?"

सगळे हसले. कल्लप्पाही हसला. मग उन्हाळा आला, पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, पुढे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि दुसऱ्या बोटीला यंदाची थंडी उजाडली. या वेळी मात्र तो ऐकेना. "म्या येनार. सँपल बगायला दोन मानसं लागत्यात." उजवा डोळा कसा आहे विचारलं तर म्हणाला, "हाय की. काम भागतंय." मी त्यावर विश्वास ठेवला. ठेवणं सोयीचं होतं.

सकाळच्या गाडीत मी त्याला खिडकी दिली. बाहेर करपलेली शिवारं, मध्येच उसाचा हिरवा तुकडा. केमला गाडी जरा रेंगाळली. स्टेशनाच्या नावाची पिवळी पाटी आमच्या खिडकीसमोर, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. कल्लप्पानं विचारलं, "कुटलं स्टेशन आलं रं?" मी "केम" म्हणालो आणि पेपर वाचत बसलो. तीस वर्षं एक सुटलेला धागा नजरेतून निसटू दिला नाही, असा माझा लौकिक होता.

मुंबईला मुलाच्या मित्राकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी बंदरावर पोचलो. तिथे सामानाची तपासणी. पहिल्या बोटीच्या वेळी माझी शेंगाची चटणी जप्त झाली होती, बाहेरचं खाणं न्यायचं नाही म्हणून. या वेळी गणवेशातल्या बाईंनी गाठोडं सोडलं, एक भाकरी उजेडात धरली आणि विचारलं, "ये क्या है? पापड?"

"रोटी है," मी म्हणालो.

"इतनी कडक?"

कल्लप्पा मध्येच म्हणाला, "बाई, आमच्याकडं समदंच कडक. ऊनबी." बाईंना काही कळलं नसावं, पण त्या हसल्या आणि गाठोडं परत बांधून दिलं. मी वहीत लिहून ठेवलं, या बाबतीत दुसरी बोट सरस.

खोलीही सरस निघाली. दोन पलंग, स्वच्छ चादरी, भिंतीत बंद काचेची गोल खिडकी. पलंगावर टॉवेलाची घडी घालून केलेला हत्ती बसवलेला होता. आम्ही दोघंही टॉवेलवाले, हत्तीचं कौतुक करायचं सोडून कल्लप्पानं त्याचा कान चिमटीत धरला, बोटं फिरवली आणि म्हणाला, "वीण सैल हाय. चार धुन्यात ह्यो हत्ती मरनार." मी हत्ती उलगडून बघितला. वीण सैलच होती. तेवढ्यात खोली आवरणारा माणूस आला. तो ओडिशाचा होता. उलगडलेला टॉवेल बघून त्याचा चेहरा पडला. "सर, हाथी पसंद नहीं आया?" मी कल्लप्पाच्या बोटांवर खूश होतो. ही बोटं डोळ्यांचं काम करताहेत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बोट सुटेपर्यंत दिवस कलला होता. मी त्याला खिडकीशी बोलावलं. त्यानं काचेला हात लावला, गार लागते म्हणाला. "आता अंधारलं. उद्या सकाळी निवांत बगतो. घाई कशाला?"

जेवणाचा हॉल मोठा, टेबलांवर पांढरे कपडे. अन्न मांडून ठेवलेलं, आपलं आपण वाढून घ्यायचं. आमटी पातळ होती पण गरम, वांग्याची भाजी चक्क तिखट. कल्लप्पा खुर्चीतून उठलाच नाही. "तू आन. मला ह्या गर्दीत कळत न्हाय." मी ताट आणलं. त्यानं बोटांनी चाचपून वाटी शोधली, आमटीत कडक भाकरी चुरली आणि खाली मान घालून जेवला. शेजारच्या टेबलावरच्या नाशिकच्या बाईंनी तुकडा मागून घेतला. मग जेवण आटपून आम्ही खेळ बघायला गेलो. पहिल्या बोटीवर नाच होता, इथे जादूगार. त्यानं रिकाम्या पिंजऱ्यातून कबुतर काढलं. टाळ्या पडल्या. कल्लप्पाची टाळी सगळ्यांच्या मागून, एकटी पडली. मला वाटलं, पेंगतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर डेकवर (बोटीच्या उघड्या गच्चीवर) गेलो. दारापाशी मी त्याला म्हटलं, "समोर कठडा आहे. तू हो पुढं, मी चहा घेऊन येतो." शांताक्कांनी हात सोडू नका म्हणून बजावलं होतं. तो मी तिथे सोडला.

दोन कप घेऊन आलो तेव्हा कल्लप्पा कठडा घट्ट धरून उभा होता. अंगात लग्नाला घालतात तसा इस्त्रीचा सदरा. पण तो कठडा समुद्राच्या बाजूचा नव्हता. बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर, पोहायचा हौद आहे. त्याच्या वरचा कठडा तो. खाली निळ्या फरशीच्या पाण्यात एक जाडे गृहस्थ हातपाय मारत होते. खरा समुद्र कल्लप्पाच्या पाठीमागे होता, सगळाच्या सगळा.

माझी चाहूल लागल्यावर तो म्हणाला, "चेकर, लई झाक हाय की रं. आज जरा शांतच हाय म्हना. लाटा बारक्या हायत."

चहा माझ्या हातावर सांडला. भाजलेलं मला नंतर कळलं. म्हणालो, "तिकडनं आणखी चांगला दिसतो. चल." दंडाला धरून मी त्याला वीस-पंचवीस पावलं चालवत पलीकडे नेलं. तिथे खारं वारं एकदम तोंडावर आलं, आणि खालून पाणी बोटीला घासत असल्याचा आवाज. कल्लप्पाचा चेहरा उतरला.

"मगाशी काय हुतं ते?"

"पोहायचा हौद."

तो म्हणाला, "बरंच मोठं कौतुक केलं की म्या त्येचं."

"उजवा कधी गेला, अण्णा?"

"श्रावनात. आता निसता उजेड कळतो. दिवस हाय का रात हाय तेवडं."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर आनलं असतंस व्हय? तू चेकर. नापास म्हनून बाजूला ठेवला असतास." तो हे हसत म्हणाला. माझे डोळे भरून आले, आणि त्याला ते दिसणार नाहीत म्हणून मी पुसलेही नाहीत.

मग त्यानं मला कामाला लावलं. रंग कसला? मी सांगितलं, राखाडी, मधूनच हिरवट, पहिल्या धुण्यात रंग सुटावा तसा. लाटा केवढ्या? कंबरेएवढ्या. आन् पार पलीकडं काय हाय?

"काही नाही. पाणी, आणि पाण्याला टेकलेलं आभाळ."

"गाव, झाड, डोंगर?"

"काहीच नाही, अण्णा."

"काईच न्हाय?" तो म्हणाला, "मग मला दिसतंय तेवडंच तुलाबी दिसतंय की."

गोव्याला बोट लागली तेव्हा सगळी माणसं शहर बघायला उतरली. कल्लप्पा उतरला नाही. "जमीन सोलापुरात बक्कळ हाय," म्हणाला. रिकाम्या गच्चीवर आम्ही दोघं दिवसभर बसून राहिलो. मी वही उघडली. जेवण, करमणूक, खोली. समुद्राचा रकाना मी आखलाच नव्हता. पहिल्या बोटीच्या तीन दिवसांत मी पनीर मोजलं, चादरीचे धागे तपासले, पंख्याचा आवाज ऐकला. आणि ज्या माणसाला फक्त पाणी बघायचं होतं त्याला खिडकी नाही म्हणून घरी बसवलं. तेव्हा त्याला दिसत होतं. त्या बोटीवर गच्ची होती, कठडा होता, समुद्र हाच होता.

परतीच्या गाडीत मी त्याला म्हणालो, "माझं चुकलं, अण्णा. गेल्या वर्षीच तुला न्यायला पाहिजे होतं."

"साकु, साकु" (पुरे, पुरे), तो कानडीत म्हणाला. वैतागला की त्याला कानडी आठवते. "तू काय मुद्दाम केलंस व्हय? चटनी हाय का शिल्लक?" उरलेली चटणी आम्ही कुर्डुवाडीपर्यंत संपवली. सोलापूर स्टेशनवर शांताक्का उभ्याच होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यांनी नवऱ्याचा हात माझ्या हातातून आपल्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चहा आला. ट्रान्सपोर्टमधून निवृत्त झालेले रशीदभाई आमच्यात वयानं मोठे. त्यांनीच विषय काढला. "हौ चेकरसाब, दोनो देख लिए ना अब? सीधा बोलो, कौनसी बोट अच्छी?"

मी वही काढली. जेवण दुसरीचं बरं. खोली दुसरीची कितीतरी चांगली. करमणूक दोन्हीकडे यथातथाच. वाचताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. दुसऱ्या बोटीवर शिक्कामोर्तब होणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

रशीदभाई म्हणाले, "और कल्लप्पाअण्णा, तुम क्या बोलते?"

कल्लप्पा बशीतल्या चहावर फुंकर घालत होता. "पैली," तो म्हणाला.

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अहो अण्णा, पहिल्या बोटीवर तुम्ही नव्हताच की."

"न्हवतो," कल्लप्पा म्हणाला. "पन तवा मला दिसत हुतं."