झोपलेल्या बाळाचा पगार

मैत्रिणींनो, आज दुपारपासून एक वाक्य डोक्यातून जात नाहीये.

सुमनमावशी खाडीकडच्या गावातून रोज आमच्याकडे नायगावला येतात. माझ्या इराला तीन वर्षं त्याच सांभाळतायत. आता दोन महिन्यांचं धाकटं बाळही आलंय, म्हणजे पगार वाढवायला हवा. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांचं एकच, दुसऱ्या बाळाचे अर्धे द्यायचे.

मी त्याहून शहाणी! मावशींना म्हटलं, "बाळ तर दिवसभर झोपलेलंच असतं. सध्या थोडेच वाढवते, रांगायला लागलं की बघू."

मावशी दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "ताई, जागं पोर रडून सांगतं. झोपलेलं काय सांगनार? माझा पहिला झोपलेलाच होता. मी भात उतरवून आले, तवर गार झालेला."

मावशी सारख्या येऊन बाळाच्या नाकाखाली बोट धरतात, हे मी रोज बघत होते. गेल्याच आठवड्यात त्यावरून त्यांना सुनावलं होतं, "आधी हात धुवा."

शेवटी इरासाठी देते तेवढाच पगार बाळासाठीही ठरवला. मावशी नुसतं "बरं" म्हणाल्या आणि संध्याकाळी घरी गेल्या.

अर्धे द्या म्हणणाऱ्यांनो, मावशींनी यातलं कुठलं अर्धं काम करायचं, तेवढं सांगा.

बाळ शांत झोपलंय. हे सगळं मी एकाच हाताने टाईप केलंय. दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या नाकाखाली आहे.