आईच्या फाटकावरची निळी पाटी

केप ब्रेटन बेटावर लॉकी मॅकआयझॅकला सगळे ‘खासदार बीटनचा हातोडा’ म्हणत. निवडणूक लागली की दारोदारच्या अंगणात बीटनच्या लाल पाट्या ठोकायच्या त्या लॉकीनंच. जमीन गोठलेली असली तर आधी पहारेनं भोक पाडायचं, मग खुंट.

याच पाट्यांपायी सख्खा भाऊ तुटला. हेक्टर निळ्या पक्षाचा. त्यानं आईच्या फाटकाशी निळी पाटी रोवली आणि लॉकीनं ती उपटून मोडली. तेव्हापासून बोलणं बंद.

हेक्टर अंथरुणाला खिळला तेव्हा लॉकीची बायको, एफी, म्हणाली, “जा की एकदा. पक्ष काय कबरीत नेणार आहेस?”

“आधी त्याला बोलू दे,” लॉकी म्हणाला. हेक्टर न बोलताच गेला. लॉकी मातीलाही गेला नाही.

आणि या हिवाळ्यात, मंत्रिपदासाठी, बीटन भर संसदेत उठून समोरच्या निळ्या पक्षाच्या बाकांवर जाऊन बसला!

वसंतात निवडणूक लागली. बीटन निळ्या पाट्यांनी भरलेली गाडी घेऊन दारात हजर.

“राजकारण आहे रे लॉकी, मनावर घेऊ नकोस. पहिली तुझ्याच अंगणात लाव.”

लॉकीनं एक पाटी उचलली, पहार खांद्यावर टाकली आणि थेट दफनभूमी गाठली. बीटनच्या नावावर त्यानं चिखल फासला, निळा रंग तेवढा ठेवला. मग हेक्टरच्या उशाशी पाटी ठोकली.

“तुझी पाटी परत आणलीय,” तो म्हणाला. “आता तरी बोल की रे.”