मधमाशीपालनातली कादंबरी

काकू चहा बशीत ओतायच्या आणि विसरायच्या. कॉम्प्युटर बंद करताना त्याला म्हणायच्या, "चल बाबा, पुरे." नवं पुस्तक मधूनच उघडून एक पान वाचायच्या. लेखक अनोळखी असला तर दोन.

ऑनलाइन पुस्तकं विकणाऱ्या कंपनीत त्यांचं काम म्हणजे कुठलं पुस्तक कुठल्या विभागात दिसेल ते ठरवणं. सगळे त्यांना कपाटकाकू म्हणत.

एका निवृत्त नर्सबाईंची पहिलीच कादंबरी काकूंनी चुकून मधमाशीपालनात टाकली. तिथे मुळात नऊच पुस्तकं. कादंबरी पहिल्याच पानावर झळकली आणि मधमाश्या पाळणारे ती घेऊ लागले. एकाने लिहिलं, "पेटी कशी बांधायची ते यात नाही. पण बायकोला वाचून दाखवली. दोघंही रडलो." नर्सबाईंनी कंपनीला कळवलं, कुणीतरी वाचतंय, म्हणून दुसरी लिहायला घेतली आहे.

मग साहेबांच्या लक्षात आलं. साहेब काकूंच्या धाकट्या लेकाच्या वयाचे.

"काकू, ही इथे कशी?"

"माझी चूक. मुखपृष्ठावरचं पोळं बघितलं नि भुलले."

"शुक्रवारपर्यंत कादंबऱ्यांत हलवा."

"हलवते की. पण तिकडे तीस हजार आहेत, साहेब. दर्यात खसखस व्हायची तिची."

"नियम आहे हो."

"नियमाला कोण नाही म्हणतंय? फक्त एकटीला नाही धाडणार. सोबत देऊन धाडते."

खपणाऱ्या पुस्तकाच्या पानावर "हेही वाचा" म्हणून दुसरं पुस्तक जोडता येतं. एरवी ते मशीनच करतं. हाताने जोडायचं तर कारण लिहावं लागतं. काकूंनी खपणाऱ्या दहा कादंबऱ्या निवडल्या. वाचल्याशिवाय जोडायचं नाही, हा त्यांचा हट्ट. डबा एका हाताने खात, दुसऱ्या हाताने पानं उलटत. बुधवारपर्यंत सहा झाल्या.

"डोळे फुटतील, काकू," कुणीतरी म्हणालं.

"फुटू देत. चूक माझी, भोगायचं तिनं?"

गुरुवारी दुपारी छातीत दुखतंय म्हणून त्या घरी निघाल्या. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. साठीही गाठली नव्हती.

शुक्रवारी त्यांचा कॉम्प्युटर उघडला. कादंबरी अजून मधमाश्यांतच होती. सहा जोड्या पूर्ण. सातवीत पुस्तकाचं नाव भरलेलं, आणि कारणाच्या रकान्यात एवढंच:

"यातल्या बाईलाही फार उशिरा कळतं, की आपली वाट बघणारं"

खालचे तीन रकाने कोरे.