म्हातारीच्या हातचा भात

आंधळगावच्या वाटेवर आमचं गाव. तिथं आमच्या गल्लीतल्या एकाची पिठाची गिरणी आहे. यंत्राच्या आवाजाची सवय जडल्यामुळे तो गिरणी बंद असतानाही ओरडूनच बोलतो. पट्टा तुटो की लाइन जावो, त्याचं एकच: “देव हाय नं!” मला वैताग यायचा.

परवा गल्लीतलं एक पोर तापानं फणफणलं आणि मांत्रिकानं समोरच्या एकट्या म्हातारीकडे बोट दाखवलं. म्हणे, हिनंच करणी केली! लगेच तिला नळावर येऊ देईनात, तिच्या हातचं कुणी खाईना. रोज आरतीत टाळ कुटणारेही तिला टाळू लागले. हा मात्र पिठानं माखलेला, भर दुपारी सगळ्यांदेखत तिच्या ओट्यावर जाऊन बसला.

“भूक लागली वो माय, भात वाढ!”

“मरशीन! तुह्या गिरणीत कोणी दळण नाही आणणार,” लोक म्हणाले.

“देव एकच हाय नं? मंग हिच्या हातात माराची ताकत कुठून येईन?” असं ओरडून तो पोटभर जेवला.

सकाळी त्याच्या कुंपणापाशी ही गर्दी! तो दारात दात घासत होता. आणि उठता-बसता देवाचं नाव घेणारे हे लोक, तो जिवंत दिसला म्हणून हिरमुसले!