ग्रुपची किल्ली

नातवंडांनो, फेसबुकवरच्या आमच्या पनवेलकरांच्या पाककृतींच्या ग्रुपमधून कोणाला काढून टाकण्याचा अधिकार मी माझ्याकडेच ठेवला होता. मदतीला असलेल्या दोघी मैत्रिणींनी फक्त जाहिराती शोधून मला कळवायचं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांतली एक म्हणाली, “अगं, घराची किल्ली खुशाल आमच्याकडे ठेवतेस, मग ग्रुपचीच का नाही?”

तिचं म्हणणं मला पटलं. दोघींचं एकमत झालं तरच कोणाला काढायचं, या अटीवर मी तो अधिकार त्यांना दिला.

डोळ्यावरची पट्टी निघाली, तर समोर तुमचे आजोबा फुगून बसलेले. मित्राच्या नेरे गावातल्या प्लॉटची जाहिरात टाकली म्हणून दोघींनी त्यांना काढलं होतं.

“ग्रुप तुझाच ना? घे मला परत.”

“रीतसर विनंती पाठवा,” मी म्हटलं. “दोघी विचार करतील.”