पापनीनं बसवलेली चाल

मंडईत, म्हनजे दिवाळीमांगच्या आमच्या गावजत्रेत, लोक ओरडतेत, "इस्तारीची चाल होऊन जाऊ द्या!" मंग माझं डोकं सनकते. अरे, इस्तारी म्हनजे मी, ढोलकी बडवनारा मानूस. मी कुठची चाल बसवतो? चाल बापूजीची आहे. बापूजी आमच्या गावचा पेटीवाला. आमी दोघंही वैनगंगेच्या काठचे धीवर. एरवी जाळं अन् डोंगा, दिवाळी झाली का नाटक. ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंत पेटीवर तसा हात कोनाचा नव्हता, अन् हे मी दोस्त म्हनून नाई सांगून राह्यलो.

बावन सालच्या उन्हाळ्यात त्याले लकवा मारला. अर्धा नाई, पुरा. मानेखाली सारं लाकूड झालं, वाचा गेली. बायको गोकुळा त्याले पेज भरवे. गावानं ठरवून टाकलं, बापूजीचं डोकं गेलं. मीही तेच म्हनत होतो, खोटं काऊन बोलू? नाटकाले पेटीवाला पायजे म्हनून वर्षभर त्याच्यासमोर बसून मी त्याच्याच पेटीवर शिकलो, चुकलो, अन् एकदाही त्याच्या डोळ्याकडे धड पाह्यलं नाई.

पाह्यलं ते गोकुळावयनीनं. एक दिवस मी सूर धुंडत पट्ट्या दाबून राह्यलो होतो, अन् वयनी हातातलं सूप टाकून आली.

"भाऊ, तुमची पट्टी बरोबर लागली का ह्यायची पापनी लवते. मी कवापासून पाहून राह्यली."

"काहीतरीच, वयनी."

"मंग करून पाहा ना! चुकीची दाबा."

चुकीची दाबली. डोळे तसेच. बरोबर दाबली, पापनी लवली. माय माय! मी पेटीवर डोकं टेकून रडलो. वर्षभर तो मानूस आतमंदी शाबूत होता, अन् आमी त्याच्या उशाशी बसून त्याच्याच मयतीच्या गोष्टी करत होतो.

त्या सालचं धानाचं रोवनं आटोपलं तवापासून आमचं काम सुरू झालं. मी खालच्या पट्टीपासून एकेक पट्टी वाजवत जाओ, बापूजी पायजे तिथं पापनी लववे. मंग पुढचा सूर, पुन्हा खालपासून. एका ओळीले आठ-आठ दिवस. "अरे बाबा, जरा घाई कर, म्हातारा होऊन जाईन मी," असं मी चिडवो, अन् त्याच्या डोळ्यात हसू दिसे. नव्या नाटकात डोंगेवाल्याची बायको काठावर उभी राहून बुडालेल्या नवऱ्याले हाक मारते, त्या गान्याची ती चाल होती. तसं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी त्याले शब्द देला होता, "सूर सारे तुझे, जसेच्या तसे. माझी फक्त बोटं."

अडलो ते हाकेपाशी. हाकेचा सूर वर जाऊन थांबला. पुढचा धुंडाले मी साऱ्या पट्ट्या वाजवल्या, पापनी लवली नाई. दुसऱ्या दिवशीही नाई. मंडई चार दिवसांवर आली होती. माझा पारा चढला. "तुले पायजे तरी काय? का मलेच खेळवून राह्यला?" लकवा मारलेल्या मानसावर ओरडलो मी! अन् हाकेच्या पुढं माझ्याच मनानं एक मुरकी भरली. नाटकात पेटी मधातच थांबली का लोक समजतेत, पेटीवाला सूर भुलला.

मंडईत त्याले बैलबंडीत निजवून आनलं. हाक आली, माझी मुरकी आली, अन् लोकायनं "वन्स मोअर" म्हनत मांडव डोक्यावर घेतला. तीनदा वाजवली. बापूजी माझ्याकडे टक लावून पाहत होता. पापनी काही लवली नाई. मी तिकडून नजर काढून घेतली.

त्यानंतर त्यानं मले एकही सूर देला नाई. मी रोज बसो, खालपासून वरपर्यंत पट्ट्या वाजवो, डोळे उघडेच. माघात तो गेला.

उन्हाळ्यात एकदा मी नदीवर उभा होतो. पल्याडच्या डोंगेवाल्याले हाक मारली अन् गप्प राह्यलो. आमी सारेच असंच करतो. पान्यावरून आवाज जाते, तिकडून 'ओ' येते, तवापर्यंत कोनी तोंड उघडत नाई. तिथंच मले उमगलं. बापूजीले तिथं सूर पायजेच नव्हता! ती बाई हाक मारते अन् थांबून ऐकते, एवढंच त्याले सांगायचं होतं. मी धीवराचा पोट्टा, अन् मले हे समजू नये? गधा लेकाचा.

पुढच्या सालच्या मंडईत ठरवूनच बसलो. हाक वाजवली, बोटं उचलली, थांबलो. एक श्वास, दोन श्वास. मांगून कोनीतरी शिट्टी मारली. "भुलला रे, पेटीवाला भुलला!" सारा मांडव हासला, अन् माझी बोटं आपोआप त्या मुरकीवर पडली. टाळ्या वाजल्या. मी तसाच वाजवत गेलो.

नाटक सुटल्यावर गोकुळावयनी पेटीपाशी आली. पुढंच बसली होती.

"भाऊ, तुमी थांबले ना, तवा मले वाटलं, आता ते ओ देतीन. काऊन वाजवलं तुमी?"